टॉमकॅटसाठी पायथनमध्ये बांधलेला शेल, काही महिने वापरल्यावर

पायथनच्या सीएमडी मॉड्यूलवर (कमांड टाइप करून चालवायचे प्रोग्रॅम बांधायचं, पायथनबरोबरच येणारं साधन) टॉमकॅट, म्हणजे जावातली वेब ॲप चालवणारा सर्व्हर, सांभाळायचा एक छोटा शेल (कमांड टाइप करायची खिडकी) बांधला त्याला आता बरेच महिने झाले, निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या सौहार्द सहकारी सोसायट्यांचे सर्व्हर आम्ही बेळगावातनं त्याच्यावरच बघतो. असं काम असेल तर तुम्हीपण बांधा, पण मॉड्यूल जसं मिळतं तसंच ठेवू नका.

टॉमकॅटच्या मॅनेजरला (ॲप चालू-बंद करायचा त्याचाच भाग) वेबपेजशिवाय एक साधा टेक्स्ट इंटरफेसपण असतो, तो फार कमी लोक वापरतात. त्याला लिस्ट विचारलं की एका ॲपची एक ओळ येते, पाथ, चालू की बंद, सेशन (आत असलेले वापरकर्ते) किती, फोल्डर कुठला, मध्ये कोलन. उत्तराचा पहिला शब्द ओके नाहीतर फेल, बास. मॅनेजर मुळात फक्त त्याच मशीनवरनं उघडतो, ते आम्ही तसंच ठेवलंय, शेल सर्व्हरवरच असतो आणि आपण एसएसएचनं (लांबनं सुरक्षित लॉगिन) आत जायचं. जुलैत खानापूरकडं पाऊस लागला की नेटचा भरवसा नसतो, पेज अर्धवट उघडून बसतं, पण ह्या चार ओळी येतातच.

सीएमडी शिकायला लै सोपं. क्लासमध्ये डू अंडरस्कोरनं सुरू होणारं फंक्शन लिहिलं की ती कमांड झाली, त्याची डॉकस्ट्रिंग (फंक्शनच्या सुरुवातीला लिहिलेलं वर्णन) हेल्पमध्ये दिसते. आमच्यात निम्मी पोरं कन्नड माध्यमातली, निम्मी मराठी, म्हणून हेल्प दोन्ही भाषांत लिहिली आणि नवीन माणूस कुणाला न विचारता काम करायला लागला, हे मला सगळ्यात आवडलं. कमांडचं नावच देवनागरीत पाहिजे असेल तर मात्र नुसतं फंक्शन लिहून भागत नाही, नाव ओळखताना ते फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर धरतं, ती आयडेंटचार्सची यादी वाढवावी लागते.

आता खरी काळजीची गोष्ट. रिकामा एंटर मारला की हे मॉड्यूल आधीची कमांड परत चालवतं! डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, लपवलेलं काही नाही, पण लिस्ट परत चालली तर ठीक, रीलोड (ॲप थांबवून परत सुरू करणं) परत चालला तर सोसायटीच्या काउंटरवर पैसे भरायला उभी असलेली माणसं खोळंबणार की. एसएसएच अडकल्यावर जिवंत आहे का बघायला सगळेच एंटर बडवतात, म्हणजे नेट खराब तिथं हा धोका जास्त. एम्प्टीलाइन फंक्शन ओव्हरराइड करून (आपल्या क्लासमध्ये परत लिहून) आत नुसतं पास, म्हणजे काहीच करू नको, लिहा, बाकी काही करायच्या आधी हे करा. त्याशिवाय रीलोड आणि अनडिप्लॉयच्या (ॲप काढून टाकण्याच्या) आधी आमचा शेल सेशनचा आकडा दाखवतो आणि ॲपचं नाव पूर्ण टाइप करायला लावतो, पहिले काही दिवस पोरं वैतागली, आता कुणी काढू देत नाही.

टॅबनं नाव पूर्ण होणं पण सुरुवातीला नीट चालत नाही, कारण टॉमकॅटचे पाथ स्लॅशनं सुरू होतात आणि रीडलाइन (टॅबचं काम करणारी लायब्ररी) स्लॅश आणि डॅश दोन्हीवर शब्द तोडतं. डिलिमिटरमध्ये (शब्द तोडणाऱ्या चिन्हांत) फक्त स्पेस ठेवली की सुटतं. विंडोजच्या पायथनबरोबर रीडलाइन येतच नाही, म्हणून विंडोज सर्व्हर असणाऱ्यांना हे कमी उपयोगाचं वाटेल.

प्रीसीएमडी हुक (मध्ये आपलं काम घालायची जागा) मात्र सोन्यासारखा आहे, प्रत्येक ओळ चालायच्या आधी तिथनं जाते, आम्ही वेळ आणि युजर लिहून ठेवतो, सोसायटीतनं फोन आला की दुपारी सिस्टीम का थांबली होती, तर लगेच सांगता येतं.

युजरला मॅनेजर-स्क्रिप्ट रोल (टेक्स्ट इंटरफेसची परवानगी) द्या, त्यालाच मॅनेजर-जीयूआय (वेबपेजची परवानगी) देऊ नका, टेक्स्ट इंटरफेसला सीएसआरएफचं (ब्राउझरमधनं आपल्या नावानं खोटी विनंती पाठवणं) संरक्षण नसतं. फाइंडलीक्स कमांड (बंद होऊनही मेमरी अडवणारी ॲप शोधते) आम्ही ठेवलीच नाही, ती पूर्ण गार्बेज कलेक्शन (नको असलेल्या मेमरीची सफाई) करायला लावते, चालू सर्व्हरवर नको. क्रॉनमधनं (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारं साधन) चालवायचं असेल तर वनसीएमडी (एकच कमांड चालवणारं फंक्शन) वापरा आणि फेल आलं की एक्झिट कोड 1 (काम फसल्याची खूण) द्या, नाहीतर क्रॉनला सगळं ओकेच वाटतं.

सध्या एसएसएलरीलोड जोडतोय, म्हणजे एसएसएलचं (सुरक्षित कनेक्शनचं) सर्टिफिकेट बदललं तरी टॉमकॅट रीस्टार्ट करायला रात्री थांबायला नको.