सिरॅमिक कोटिंगचे पैसे घेतले आणि बाबांच्या गाडीचा क्लिअर कोट घासून काढला

दसरा जवळ आला की नाशिकमध्ये गाड्या चकाचक करून घ्यायची घाई सुरू होते. पाथर्डी फाट्यापासून गंगापूर रोडपर्यंत ‘सिरॅमिक कोटिंग, ५ वर्षं वॉरंटी, दसरा ऑफर’ अशा पाट्या लागतात. सिरॅमिक कोटिंग म्हणजे गाडीच्या रंगावर लावायचा पातळ संरक्षक थर. अशाच एका सेंटरने माझ्या बाबांकडून १६ हजार रुपये घेतले. कोटिंग केलंच नाही, वर बॉनेटवरचा कंपनीचा मूळ पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, मशीनने घासून कमी करून ठेवला. पैसे उद्या परत मिळतीलही, पण तो थर काही परत येणार नाही. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालू आहे, म्हणून सेंटरचं नाव लिहीत नाही. फसवणूक कशी होते ते मात्र सगळं लिहिते, कारण याच पद्धतीने फसलेले आणखी लोक मला आता भेटू लागले आहेत.

बाबा निवृत्त शिक्षक. गाडी गर्द निळी, मेटॅलिक, त्यांनी जिवापाड जपलेली. वर्षानुवर्षं फडक्याने पुसून तिच्यावर बारीक ओरखडे आले होते, उन्हात दिसायचे. ते जावेत एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी साधं रबिंग (कंपाउंड म्हणजे घासणारी पेस्ट लावून ओरखडे घासून काढणं), पॉलिश आणि वॅक्स पुरलं असतं, दोन-अडीच हजारांत झालं असतं. सेंटरवाल्याने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, “काका, रबिंगच्या भानगडीत पडूच नका. ते चार महिन्यांत उडतं. सिरॅमिक म्हणजे गाडीवर काच बसते काच. नाईन एच आहे, किल्ली मारली तरी ओरखडा उठणार नाही.”

मग प्रात्यक्षिक. एका सुट्या बॉनेटवर लायटरची ज्योत फिरवली, काही झालं नाही. मार्करने रेघ ओढली, ती पुसून टाकली. मगभर पाणी ओतलं, थेंब घरंगळत गेले. समोर बसलेल्या माणसाला हे खरंच वाटणार, कारण यातलं काहीच खोटं नाही. फक्त त्याने कोटिंग सिद्ध होत नाही. ज्योत क्षणभर फिरवली तर कोटिंग नसलेल्या चांगल्या रंगालाही काही होत नाही. मार्कर योग्य द्रावणाने कुठूनही निघतो. थेंब तर शंभर रुपयांच्या सिलिकॉन स्प्रेवरही तसेच घरंगळतात. आणि ते ‘नाईन एच’ पेन्सिलीच्या मापातलं आहे. ठरावीक कडकपणाच्या पेन्सिलींनी थरावर रेघ उमटते का हे बघायची एक चाचणी असते, त्यातला हा सर्वांत वरचा आकडा. एक-दोन मायक्रॉनचा थर किल्लीपासून गाडी वाचवू शकत नाही.

गाडी सकाळी दिली. दुपारच्या जेवणाआधी फोन आला, “काका, गाडी तयार आहे, घेऊन जा.”

खरं कोटिंग एवढ्या वेळात होऊच शकत नाही. आधी गाडी नीट धुवायची. मग रंगात रुतलेली लोखंडाची भुकटी आणि डांबराचे ठिपके रसायनाने आणि क्ले बारने (चिकणमातीसारख्या मऊ वडीने) काढायचे. रबर, प्लॅस्टिक आणि धारेच्या कडांवर टेप लावायची. एका कोपऱ्यात छोटा तुकडा पॉलिश करून कुठलं पॅड आणि कुठलं कंपाउंड लागेल ते ठरवायचं. मग एकेका पॅनेलवर मशीन. त्यानंतर अल्कोहोलच्या पातळ द्रावणाने सगळं तेल पुसून काढायचं, कारण तेलकट पृष्ठभागावर कोटिंग धरत नाही. आणि शेवटी ३० किंवा ५० मिलिलिटरच्या चिमुकल्या बाटलीतून थेंबथेंब घेऊन हाताने लावायचं, पुसायचं, सुकू द्यायचं. यात सहसा अख्खा दिवस जातो, बरेचदा दोन. त्यानंतरही काही तास गाडी पावसात-धुळीत न्यायची नसते, आणि साधारण आठवडाभर शाम्पूने धुवायची नसते. आमच्या गाडीच्या बाबतीत “उद्यापासून धुतली तरी चालेल” असं त्यांनी बाबांना सांगितलं होतं.

पण त्या दिवशी गाडी दिसत होती सुंदर, ते नाकारता येत नाही. एकही ओरखडा दिसत नव्हता. दसऱ्याला झेंडूची माळ घालून पूजा केली, सोसायटीतल्या दोघांनी सेंटरचा नंबरही मागून घेतला. दिवाळीनंतर आम्ही सप्तशृंगी गडावर जाऊन आलो. येताना वणी-दिंडोरी रस्त्यावरची धूळ भरपूर बसली होती, म्हणून बाबांनी शाम्पू लावून गाडी धुतली. सकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेटवर जे दिसलं ते पाहून ते माझ्याशी बराच वेळ बोललेच नाहीत. जुने ओरखडे होतेच. त्यांच्यावर आता मशीनचे मोठमोठे फराटे होते, ऊन हलेल तशा त्यांच्या कमानी सरकत होत्या. आणि बॉनेटच्या मधून जी उभार रेघ जाते, तिच्यावर नखाच्या रुंदीची एक फिकट पट्टी. बोट फिरवलं तर तिथे गुळगुळीतपणा नाही, किंचित खरखरीत लागतं.

आमच्या शेजारचे काका सातपूरच्या एका कंपनीतून निवृत्त झाले, तिथल्या पेंट शॉपमध्येच त्यांची नोकरी गेली. त्यांनी पट्टी बघितली आणि एवढंच म्हणाले, “बाळ, इथला क्लिअर गेला.” मग घरातून मायक्रॉन मीटर घेऊन आले. हातात मावेल एवढं यंत्र असतं, पत्र्यावर टेकवलं की रंगाची एकूण जाडी दाखवतं. छतावर आणि दारांवर ११० ते १२० आलं. बॉनेटच्या मधल्या भागात ८८. त्या रेघेच्या शेजारी ७० च्याही खाली.

हे आकडे समजायला गाडीचा रंग आतून कसा असतो ते माहीत हवं. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर गाडीचा दिसणारा रंग, आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून बहुतेक गाड्यांवर १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. चमक याच थराची, आणि उन्हापासून रंगाला वाचवणारी द्रव्यंही यातच असतात. पॉलिश म्हणजे या थराचा अगदी वरचा अंश घासून सपाट करणं. जपून केलं तर एक-दोन मायक्रॉन जातात आणि गाडी खरोखर नवी दिसते. पण गेलेला थर भरून येत नाही. म्हणजे ठरावीक वेळाच करता येईल अशी ही गोष्ट आहे, आणि धारेच्या कडांवर रंग मुळातच पातळ बसलेला असल्याने तिथे तर मशीन टेकवायचंही नसतं.

काकांनी अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून मायक्रोफायबरच्या फडक्याने डिकीचा एक कोपरा पुसला. तिथे अजून थोडी चकाकी शिल्लक होती. पुसल्याबरोबर ती गेली आणि खालचे फराटे उघडे पडले. भिंतीच्या भेगांत लांबी भरून वरून रंग मारावा, तसं तेलकट ग्लेज ओरखड्यांत भरलं होतं. दोन-चार धुण्यांत ते निघून जातं. नीट सुकून पक्कं झालेलं कोटिंग अशा पुसण्याने निघत नाही.

मशीनबद्दल इथे नीट सांगायला हवं, नाहीतर लोक मशीनलाच घाबरतील. रोटरी मशीनचं पॅड एकाच अक्षावर गरगर फिरतं, जोरात घासतं आणि लवकर तापतं. मुरलेल्या हातात ते उत्तम काम करतं. शिकाऊ हातात, लोकरीच्या पॅडसह, वेग वाढवून एकाच जागी धरलं तर काही क्षणांत क्लिअर कोट जळतो. ड्युअल ॲक्शन मशीनचं पॅड फिरता फिरता डुलतंही. जास्त दाबलं तर त्याचं फिरणं मंदावतं किंवा थांबतं, त्यामुळे इजा होण्याची शक्यता बरीच कमी. ओळखायची एक सोपी खूण काकांनी सांगितली: क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅड कंपाउंडने पांढरं होईल, त्यावर गाडीचा रंग उतरायला लागला तर क्लिअर संपला, तिथेच थांबायचं.

आमच्या गाडीवर काय झालं, याचा पुरावा त्या सेंटरनेच दिला. जाहिरातीसाठी त्यांनी टाकलेल्या एका रीलमध्ये बाबांची गाडी आहे, नंबरप्लेट स्वच्छ दिसते. सतरा-अठराचा मुलगा रोटरी मशीन तिरकी धरून नेमकं त्या उभार रेघेवर दाबतोय. टेप कुठेही नाही. काचेच्या रबरावर उडालेलं कंपाउंड पांढरं वाळलेलं. आणि कडेने फिरणाऱ्या लोकरीच्या पॅडला निळी झाक आलेली. त्या मुलाचा मला राग येत नाही. त्याला कुणी शिकवलं नाही, आणि दुपारपर्यंत गाडी संपव म्हणून सांगितलेलं असणार. मी ती रील त्याच रात्री उतरवून ठेवली. आम्ही सेंटरला जाऊन आलो, त्यानंतर ती काढून टाकलेली दिसली.

सेंटरवर मालकाचं बोलणं अगदी पाठ असल्यासारखं होतं. “मॅडम, तुम्ही घरी धुतली ना? मग वॉरंटी गेली. बोअरचं पाणी जड असतं, त्याने डाग पडतात.” मी म्हणाले, “पाण्याचे डाग गोल असतात. हे मशीनचे फराटे आहेत, आणि इथे तर क्लिअरच राहिलेला नाही.” त्यावर, “मग तो आधीपासून नसेल.” बाबा शांतपणे म्हणाले, “आधीपासून नव्हता, तर तुम्ही सकाळी गाडी घेताना का नाही सांगितलं?” याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी तो म्हणाला, “काका, परत एकदा रबिंग मारून देतो, फुकट.” म्हणजे उरलेलाही घासणार. आम्ही गाडी घेऊन निघालो.

कागद तपासल्यावर सगळं आणखी उघड झालं. बिलावर ‘वॉशिंग व पॉलिश’ एवढंच लिहिलं होतं, सिरॅमिक हा शब्दच नाही. जीएसटी नंबर नाही. यूपीआयचे पैसे सेंटरच्या नावाने न जाता कुणा व्यक्तीच्या खात्यात गेले होते. वॉरंटी कार्डावर एका नावाजलेल्या कोटिंगचं नाव छापलेलं, पण बाटलीचा बॅच नंबर किंवा कार्डाचा क्रमांक नाही. त्या कंपनीला मी ई-मेल केला, तर हे सेंटर आमच्या यादीत नाही असं लेखी उत्तर आलं. तक्रारीत सर्वांत भक्कम कागद तोच ठरला.

तुम्ही गाडी देणार असाल तर देण्याआधी भर उन्हात तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, उभार रेघांचे जवळून. मायक्रॉन मीटरने आधी आणि नंतर माप घ्यायला सांगा, आकडे कागदावर लिहून मागा. १६ हजार घेणाऱ्या सेंटरकडे हे यंत्र नसेल तर तिथे गाडी देऊ नका. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधं मीटर चालत नाही, आणि एखाद्या पॅनेलवर आकडा दोनशेच्या पुढे गेला तर ते बहुधा आधी रंगवलेलं असतं, हेही लक्षात ठेवा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, पॉलिश झाल्यावर आणि कोटिंग लावायच्या आधी गाडी बघायला जा. समोर अल्कोहोलने पुसायला लावा, तेव्हा जे दिसेल ते खरं काम. कोटिंग लावल्यावर लगेच हा प्रयोग करू नका, ताजा थर बिघडतो. बाटली सीलबंद आहे ना ते बघा, तुमच्यासमोर उघडू द्या. खूप जण सांगतील की ग्राहकाला आत येऊ देत नाही. मग तिथून निघा.

आणि साध्या वॅक्सला कमी लेखू नका. कार्नोबा वॅक्स हे ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकतं, हाताने लावता येतं, क्लिअर कोटला धक्का लावत नाही. सावलीत उभ्या केलेल्या, थंड पत्र्याच्या गाडीवर पातळ हात फिरवला की झालं. रबिंग, पॉलिश आणि वर हे वॅक्स, बाबांच्या गाडीला मुळात एवढंच हवं होतं.

ज्यांचं असं झालं आहे त्यांच्यासाठी: आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, ती मोफत आहे. मग सेंटरला स्पीड पोस्टाने लेखी नोटीस द्या. उत्तर आलं नाही तर जिल्हा आयोगात जाता येतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगातही तक्रार चालते, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही करता येतो. आम्ही जोडलेले कागद: यूपीआयची नोंद, बिल, वॉरंटी कार्ड, कोटिंग कंपनीचा ई-मेल, ती रील, मीटरच्या आकड्यांचे फोटो आणि दुसऱ्या एका गॅरेजने बॉनेट पुन्हा रंगवायला दिलेलं लेखी अंदाजपत्रक. मेटॅलिक निळ्याची छटा जुळवणं अवघड आहे, शेजारच्या फेंडरवरही रंग मिसळत न्यावा लागेल असं त्या गॅरेजने त्यात लिहून दिलं, आणि नुकसानीची रक्कम त्याच आधारावर मागितली आहे. निकाल लागेपर्यंत बॉनेटला हात लावायचा नाही असं आम्ही ठरवलंय, कारण आयोगाने तपासणी सांगितली तर मूळ नुकसान दिसायला हवं. तुमचं बोलणं व्हॉट्सॲपवर झालं असेल तर ते चॅट पुसू नका, आणि सेंटरने तुमच्या गाडीचा व्हिडिओ टाकला असेल तर भांडायला जाण्याच्या आधी उतरवून ठेवा.