नागपूर ते दोहा: एशियन कपची भारत-ऑस्ट्रेलिया मॅच स्टेडियमात बसून बघणं, माझा रिव्ह्यू

२०२७ चा फुटबॉलचा एशियन कप सौदीत आहे अन् त्यात आपली टीम नाही. गोव्यात सिंगापूरकडून २-१ हरलो तिथंच ते संपलं. तेव्हापासून ग्राउंडवरची पोरं विचारत असतात की भाऊ तू मागच्या वेळी दोहाला गेला होता ना, कसं असते तिथं, पैसे वसूल झाले का. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. वसूल झाले. आपण हरलो तरी झाले, अन् जिथं नाही झाले तेही खाली आहे.

मॅच म्हणजे १३ जानेवारी २०२४ ची, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया, अल रय्यानचं अहमद बिन अली स्टेडियम. कपच्या नावात २०२३ आहे पण खेळला गेला २०२४ मध्ये.

नागपूरवाल्यांसाठी पहिली गोष्ट म्हणजे सोनेगाववरून दोहाचं थेट विमान आहे. मुंबईला उतरा, बॅगा ओढा, टर्मिनल बदला, काही नाही, चार-साडेचार तासांत तुम्ही कतारमध्ये. कोलकाता किंवा गोव्याला मॅच बघायला जाताना आपले जे हाल होतात त्यापेक्षा हे सोपं आहे, खरंच सांगतो. खर्च होतो तो विमानाचा अन् हॉटेलचा. मॅचचं तिकीट २५ रियालपासून होतं, म्हणजे तेव्हाच्या भावाने पावणेसहाशे रुपयांच्या आसपास. एवढ्या मोठ्या स्पर्धेचं, वर्ल्ड कप झालेल्या स्टेडियमातलं तिकीट पावणेसहाशेत! अन् तिकिटांचे पैसे पॅलेस्टाईनमधल्या मदतकार्याला देणार असं आयोजकांनी आधीच जाहीर केलं होतं, ते मला फार चांगलं वाटलं. तिकीट फक्त मोबाईलवर, कागद वगैरे नाही, म्हणून ग्रुपमध्ये जात असाल तर ज्याचं त्याच्या फोनवर आधीच पाठवून ठेवा. गेटवर एकाच्याच फोनमध्ये चौघांची तिकिटं अन् तो पुढच्या रांगेत, असे ग्रुप मी पाहिले, बिचारे एकमेकांना हाका मारत होते.

आता मेट्रो. यावर मी जरा जास्त बोलणार. जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमवर मॅच संपल्यावर वर्धा रोडवर काय होते ते नागपूरच्या माणसाला सांगायची गरज नाही, रात्री गाडी पार्किंगमधून काढून सीताबर्डीला पोचेपर्यंत मॅचची मजा अर्धी उतरून जाते. जामठ्याचं स्टेडियम अन् हे अहमद बिन अली, दोन्हीत बसणारी माणसं साधारण सारखीच, पंचेचाळीस हजारांच्या घरात. पण इथं ग्रीन लाईनचं शेवटचं स्टेशन अल रिफा, बाजूला मॉल ऑफ कतार, अन् स्टेशनातून निघून चालत चालत थेट स्टेडियम. मधल्या दोहात मशैरेब नावाचं जंक्शन आहे, तिन्ही लाईनी तिथं भेटतात, कुठंही राहत असाल तरी तिथं येऊन ग्रीन लाईन पकडायची. एरवीचं साधं भाडं २ रियाल, दिवसभराचं ६. गाडीला ड्रायव्हर नसतो, फॅमिलीसाठी वेगळा डबा असतो. मॅच सुटल्यावर रांगा लावून, थोडे थोडे लोक सोडत होते, धक्काबुक्की नाही, आमच्यासोबत एक म्हातारे काका-काकू होते केरळचे, तेही आरामात आले. आपल्याकडे जामठ्यापर्यंत मेट्रो जाईल तेव्हा हीच पद्धत उचलावी असं मनापासून वाटते.

स्टेडियम बाहेरून जाळीदार नक्षीचं आहे, आतून एकदम आवळलेलं, सीट कुठलीही असो मैदान जवळ वाटते. याच ग्राउंडवर २०२२ च्या वर्ल्ड कपात अर्जेंटिनाने ऑस्ट्रेलियाला २-१ हरवून बाहेर काढलं होतं. मेस्सीने जिथं गोल मारला तिथं आता आपला कॅप्टन सुनील छेत्री वॉर्मअप करतोय, हे बघून माझ्यासोबतचा कामठीचा दोस्त पाच मिनिटं बोललाच नाही. तो रब्बानीच्या ग्राउंडवर मॅचेस बघत मोठा झालेला माणूस, फुटबॉल त्याच्या घरात आहे.

मॅच दुपारी अडीचला होती. जानेवारीत दोहाची हवा आपल्या नागपूरच्या जानेवारीसारखीच छान असते, पण ऊन सरळ तोंडावर येते, म्हणून दुपारची मॅच असेल तर पश्चिमेकडचा स्टँड घ्या. अन् आवाज पाहिजे असेल तर ऊन-सावली विसरा अन् ब्लू पिलग्रिम्स, म्हणजे आपल्या टीमचा फॅन ग्रुप, जिथं बसतात तिथं घुसा. ढोल, बॅनर, वंदे मातरम, सगळं नव्वद मिनिटं न थांबता. ३५ हजारांवर लोक होते अन् त्यात निळे किती अन् पिवळे किती ते नुसतं बघून कळत होतं, ऑस्ट्रेलियावाले एका कोपऱ्यात. कतारमधली आपली कामगार मंडळी, मल्याळी, बंगाली, हैदराबादी, आंध्रवाले, कोणी ड्युटी संपवून थेट युनिफॉर्मवर आलेले. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा माझा आवाज फुटेना, डोळे भरून आले. टीव्हीवर हे कधीच कळत नाही.

खेळाचं सांगायचं तर पहिला हाफ ०-० काढला आपण. आपला राहुल भेके, मुंबईचा पोरगा, अन् झिंगन दोघांनी मधे भिंत घातली होती. सोळाव्या मिनिटाच्या आसपास निखिल पुजारीच्या क्रॉसवर छेत्रीचं हेडर बाहेर गेलं, अख्खा स्टँड उभा होता. ते आत गेलं असतं तर! हाफ टाइमला लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, अन् ज्याला २०११ आठवते त्याला ते का ते माहीत आहे. याच दोहात, याच ऑस्ट्रेलियाने, याच कपात आपल्याला ४-० धुतलं होतं, छेत्री तेव्हाही टीममध्ये होता. पण पन्नासाव्या मिनिटाला आपला गोलकीपर गुरप्रीतच्या हातून क्रॉस नीट क्लिअर झाला नाही अन् त्यांच्या अर्विनने घातला, मग त्र्याहत्तरला त्यांचा जॉर्डन बॉस बदली म्हणून आत आला नाही तर गोल. २-०. रेफरी जपानच्या योशिमी यामाशिता होत्या, पुरुषांच्या एशियन कपात मेन रेफरी म्हणून उतरलेल्या पहिल्या बाई, अन् मॅच एकदम टाईट सांभाळली. शिट्टी झाल्यावर कोणी उठून गेलं नाही. टीम स्टँडसमोर आली, टीम अन् फॅन मिळून टाळ्या वाजवतात तो क्लॅप झाला, तेवढ्यासाठी मी परत जाईन.

आता जिथं मार्क कापतो ते. आतलं खाणं. पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत, ठीक आहे नियम आहे, पण मग हाफ टाइमला स्टॉलवर माणसं तरी वाढवा. रांग एवढी की सेकंड हाफ सुरू झाला तरी लोक उभेच, अन् पहिला गोल पन्नासाव्या मिनिटाला झाला म्हणजे कित्येकांनी तो बघितलाच नाही. खायला तेच बर्गर, चिप्स, भाव बाहेरच्या दुप्पट. शाकाहारी माणसाचे तर हालच. पोटभर जेवून जा. बाहेर मात्र काही कमी नाही, दोहात केरळी हॉटेलं गल्लोगल्ली आहेत, पराठा अन् करक चहा स्वस्तात मिळतो, रात्री सूक वाकिफला, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात, चक्कर मारा. करक आपल्या टपरीच्या चहापेक्षा गोड अन् दाट असतो, मला आवडला, दोस्ताला नाही.

दुसरी तक्रार, स्टेडियमबाहेर आपल्या टीमची ओरिजिनल जर्सी कुठं दिसली नाही. एवढे निळे लोक, पोरांना घेऊन आलेले बाप विचारत फिरत होते. नागपूरवरूनच घेऊन जा.

पुढच्या दोन मॅचसाठी आम्ही थांबू शकलो नाही, उझबेकिस्तानकडून ३-० अन् सीरियाकडून १-० गेलो, एकही गोल नाही. दुःख झालं, अजून होते. पण ज्या पोरांना सीनियर टीम नाही तर कशाला जायचं असं वाटते त्यांच्यासाठी एक गोष्ट, १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप २०२५ ते २०२९ दरवर्षी कतारमध्येच आहे. २०२५ चा नोव्हेंबरमध्ये झाला, अस्पायर झोनच्या एकाच आवारात बऱ्याचशा मॅचेस, म्हणजे एका दिवसात दोन-तीन बघून होतात. अकॅडमीत खेळणारं पोरगं घरात असेल तर त्याला घेऊन जा, सोनेगाववरून विमान आहेच, पासपोर्ट तेवढा आत्ताच काढून ठेवा.