दर नायट्रिकचा, माल बुडवला एचसीएलमध्ये

३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या कॉलरवर सोल्डर नीट धरावा म्हणून आम्ही निकेलचं प्लेटिंग करून घेतो. एका लॉटचं निकेल पापुद्रे सुटून यायला लागलं, म्हणून ते उतरवून पुन्हा प्लेटिंग करायचं ठरलं. भोसरीतल्या एका जॉबवर्कवाल्याने दर लावला तो नायट्रिक ॲसिडमध्ये उतरवायचा. नमुन्याचे नग समोर करून दाखवले. तपकिरी धूर निघाला, निकेल साफ, खालचं स्टील जसंच्या तसं. मग चलन करून सगळा लॉट दिला.

परत आलेला माल नुसता लखलखत होता. काम निकेल उतरवायचं, बफिंग (चाकावरचं पॉलिश) सांगितलं होतं कोणी? "साहेब, बफ फुकट मारून दिलाय," म्हणून वर उपकारही केले.

आमच्या क्यूसीच्या (माल तपासणीच्या) पोराने एक कॉलर थिनरने घासून धुतली आणि भिंगाखाली धरली. बफच्या साबणाने बुजलेली सुईच्या टोकाएवढी भोकं उघडी पडली. ब्लाइंड टॅपिंगच्या (आरपार नसलेल्या, आटे पाडलेल्या भोकांच्या) आत, जिथे बफ पोचतच नाही, तिथे धातू करडा आणि खरखरीत. आटे बरोबर असतील तर जो आत जायलाच नको, तो नो-गो गेज आरामात आत जात होता, म्हणजे आटेसुद्धा खाल्ले गेले होते.

नायट्रिक निकेल विरघळवतं, पण ३०४ वरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर टिकवतं. एचसीएल म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, त्यातलं क्लोराइड नेमका तोच थर फोडतं. (नायट्रिक स्वतःच्या शेडमध्ये करायच्या फंदात पडू नका. तो तपकिरी धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. तो श्वासात गेला तर कधी कधी काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरतं.)

जाब विचारला तर म्हणे, "तुमचं मटेरियलच ३०४ नाही." स्पेक्ट्रो रिपोर्ट (धातूत काय किती आहे याची तपासणी) पुढे केला, तेव्हा गप्प. पुढे त्याच्याच हेल्परकडून कळलं: नायट्रिकचा धूर शेजारच्या गाळ्यात जातो, बोंब होते, शिवाय एचसीएल स्वस्त. म्हणून नमुना नायट्रिकमध्ये, लॉट एचसीएलमध्ये.

हल्ली चलनावरच लिहितो: ग्रेड ३०४, फक्त नायट्रिक, एचसीएल चालणार नाही, बफिंग करू नये. माल आला की आधी भोकांच्या आत टॉर्च मारतो. हे वाचून एकाने काम घ्यायलाच नकार दिला, दुसऱ्याने दर वाढवून घेतलं आणि चोख केलं.

पहिल्याचं बिल मी अडवलंय. आता तो त्यात बफिंगचे पैसेही लावून मागतोय.