जुनी डिझेल फोर बाय फोर घेताय? थार, स्कॉर्पिओ, सफारी, फॉर्च्युनर खरंच किती देतात

सेकंड हँड फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, बघायला गेलात की विकणारा बॉनेटवर थाप मारून सांगतोच, "साहेब, बारा-तेरा कुठे गेले नाहीत." तो अगदीच खोटं बोलतो असं नाही. लिटरला बारा-तेरा किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज एकदा कधीतरी मिळालेलं असतं, रिकामी गाडी सत्तरच्या वेगाने सपाट हायवेवर चालवली तेव्हा. तुम्ही घेणार ती शेतावर जायला, पावसाळ्यात घाट चढायला आणि अधूनमधून घरच्यांना घेऊन गावी जायला. तिथला आकडा वेगळा येतो.

खाली दिलेले आकडे टाकी ते टाकी काढलेले आहेत, माझ्या आणि ओळखीतल्या गाड्यांचे. पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत (ऑटो कट) टाकी फुल करायची, तीन-चारशे किलोमीटर चालवायची आणि परत त्याच पंपावर फुल करायची. पुण्यात एआरएआय या गाड्यांची चाचणी करणाऱ्या संस्थेत जो आकडा निघतो तो प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून आणि जास्तीत जास्त ९० च्या वेगाने. एका गाडीची दुसरीशी तुलना करायला तो बरा, पण महिन्याच्या डिझेलचं बजेट त्यावर बांधू नका.

आधी जुनी थार, म्हणजे २०१० ते २०२० मधली. तिच्यात दोन अगदी वेगळी इंजिनं आली आणि जाहिरात वाचताना लोक तिथेच फसतात. डीआय म्हणजे २५२३ सीसी, जेमतेम ६३ अश्वशक्ती. सीआरडीई म्हणजे कॉमन रेल डिझेल, २४९८ सीसी आणि १०५ अश्वशक्ती. डीआय साठ-पासष्टने चालवली तर १३-१४ सहज देते, कारण त्यापुढे पळायची तिची इच्छाच नसते. सीआरडीई मिश्र वापरात ११-१२ देते. पण शंभरच्या पुढे नेलीत की नऊ-दहावर येते. खोक्यासारखा आकार आणि वर कापडी टप. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. द्रुतगती मार्गावर थारवाल्याला डावी लेन का आवडते ते पंपावर कळतं.

स्कॉर्पिओचं एमहॉक इंजिन, २१७९ सीसी, १२० अश्वशक्ती. चौघांत समतोल हिचाच. हायवेला १२-१३, शहरात १०, घाटात पाच माणसं आणि सामान घेऊन ९-१०. फक्त एक बघा, रस्त्यावरच्या बहुतेक स्कॉर्पिओ टू व्हील ड्राइव्ह आहेत. मालक जो आकडा सांगतो तो बऱ्याचदा भावाच्या टू व्हील ड्राइव्हचा असतो. पुढचा अ‍ॅक्सल, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि जादा शाफ्टचं वजन वाहायचं म्हणजे लिटरमागे एखादा किलोमीटर कमी धरायचाच.

सफारी २.२ डायकॉरचं इंजिनही २१७९ सीसीच, पण १४० अश्वशक्ती आणि ३२० न्यूटन मीटर टॉर्क. कागदावर स्कॉर्पिओपेक्षा वरचढ, प्रत्यक्षात अंगाने जड. हायवेला ११-१२, शहरात ९, गर्दीत त्याहूनही खाली. मात्र ही गाडी लांबच्या प्रवासात आपली किंमत वसूल करते. कराडहून चिपळूणला कुंभार्ली घाटातून जाताना मागे बसलेल्या आईने एकदाही "हळू" म्हटलं नाही, ते सफारीतच. थारमध्ये पाटण यायच्या आतच तिने ते म्हटलं होतं.

फॉर्च्युनर ३.० (भारतात २००९ पासून, १७१ अश्वशक्ती) हायवेला १०-११ आणि शहरात ८. हिच्या सुरुवातीच्या फोर बाय फोरमध्ये चारही चाकांना कायम ताकद जाते. बाकी तिघी टू व्हीलवर चालतात आणि गरज पडली की आपण फोर व्हील लावतो. त्यामुळे हिला ती बचत कधीच मिळत नाही. २०१२ पासून ती टू व्हीलमध्येही आली, तेव्हा नुसतं नाव वाचून टोकन देऊ नका.

आता पैशाचं बोलू. वर्षाला १०,००० किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरा. स्कॉर्पिओ ११ आणि सफारी १० देते म्हटलं, तर वर्षाचा फरक साधारण ९० लिटरचा, म्हणजे आठ हजारांच्या आसपास. कॉमन रेलचा एक नवा इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा भाग, याहून महाग पडतो, आणि इंजिनाला असे चार असतात. १२ देणारी थार आणि ९ देणारी फॉर्च्युनर यांच्यातला फरक मात्र २७८ लिटर, पंचवीस हजार रुपये. तो जाणवतो. पण फॉर्च्युनरच्या चार टायरांचं बिल बघितलंत की तोही किरकोळ वाटायला लागतो.

म्हणून मी मॉडेलच्या आकड्यापेक्षा समोर उभ्या असलेल्या गाडीची प्रकृती बघतो. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत दोन किलोमीटरचा फरक सहज पडतो, आणि सगळ्यात जास्त घोळ टायर घालतात. थार सीआरडीईचा मूळ टायर २३५/७० आर १६. हौसेने २४५/७५ घातला की व्यास पाच टक्क्यांनी वाढतो. म्हणजे गाडी १०५ किलोमीटर गेली तरी मीटर १०० च दाखवतो. मालक म्हणतो अ‍ॅव्हरेज पडलं. त्यातलं थोडं खरंच पडलेलं असतं, कारण मड टायर जड असतो आणि रस्त्याला चिकटून ओढतो, पण थोडं नुसतं मीटरचं खोटं असतं. जीपीएसवर ५० किलोमीटर मोजून घ्या, मग भाव करा. कॅरिअर, विंच, लोखंडी बंपर लावलेली गाडी फोटोत छान दिसते. डिझेल कोण भरतं ते विचारा.

दुसरी सवय म्हणजे पाऊस पडला की डांबरी रस्त्यावरही फोर व्हील लावून ठेवणं. पार्ट टाइम, म्हणजे गरजेपुरतं फोर व्हील लावायच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांना वळणावर वेगवेगळा वेग घ्यायचा असतो, तो घेता येत नाही. गाडी अडखळते, टायर घासतात, डिझेल जास्त जातं आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो तो वेगळाच. फोर व्हीलच्या लो गिअरमध्ये तर त्याच वेगाला इंजिन अडीचपट फिरतं. चिखलातून बाहेर पडल्यावर काढायला विसरलात तर पुढच्या वीस किलोमीटरचा हिशोब विचारू नका.

दिल्लीची गाडी स्वस्त मिळते म्हणून काही जण तिकडे बघतात, कारण तिथे २०१५ मध्ये डिझेल गाड्यांवर १० वर्षांची मर्यादा घातली गेली. आणा, पण महाराष्ट्रात पुन्हा भरायचा रोड टॅक्स आणि १५ वर्षं झाल्यावरचं फिटनेस आणि पर्यावरण कर आधी बेरजेत धरा. मग तीच गाडी इथल्या गाडीएवढीच पडते का ते बघा.

मला विचाराल तर दोघंच फिरणार आणि रस्ता खरंच वाईट असेल तर थार सीआरडीई. घर आणि शेत दोन्ही असेल तर स्कॉर्पिओ. महिन्यातून दोनदा लांब जाणार असाल आणि मिस्त्री ओळखीचा असेल तर सफारी, तीही बाजारात स्वस्त मिळते म्हणून. फॉर्च्युनर घेणारा अ‍ॅव्हरेज विचारत नाही. विचारत असेल तर त्याने स्कॉर्पिओ बघावी.

बघायला जाल तेव्हा सकाळी लवकर जा आणि इंजिन गार असतानाच चालू करायला सांगा. थंडीत क्षणभर धूर आला तर चालतं. गाडी गरम झाल्यावरही चढावर काळा धूर सोडत असेल, तर विकणाऱ्याचे ते बारा-तेरा तिथेच विसरा. धूर नसेल तर पदरचे पैसे घालून टाकी फुल करा आणि मालकाला शेजारी बसवून जवळच्या घाटात एक फेरी मारून या. परत आल्यावर त्याच पंपावर किती लिटर जातं, ते त्यालाही बघू द्या.