इंजिन बदलून घेतलं, आणि तापमानाचा काटाच खोटा निघाला

गाडीचं इंजिन बदलून घ्यायच्या विचारात असाल, किंवा नुकतंच बदलून आणलं असेल, तर हे वाचाच. माझी गाडी जुनी, पेट्रोलवरची. मूळ इंजिन थकलं होतं म्हणून दुसऱ्या गाडीतून काढलेलं, 'चालू स्थितीतलं' इंजिन घेऊन बसवून घेतलं. इंजिन शोधून आणणारा आणि बसवणारा मेकॅनिक एकच. ताब्यात देताना त्याने स्वतः गाडी फिरवून दाखवली. काटा मधल्या खुणेच्याही जरासा खाली. "बघा दादा, किती थंड चालतंय," असं म्हणाला. मला आनंद झाला आणि उरलेले सगळे पैसे त्याच दिवशी देऊन टाकले.

आठवड्याभरात कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीतली पातळी खाली गेली. फोन केला तर म्हणाला, "नवीन बसवलंय, आतली हवा निघतेय, थोडं पाणी घालत राहा." हे पटण्यासारखं होतं, कारण इंजिन बदलल्यावर आत हवा अडकते आणि ती निघून गेली की पातळी थोडी उतरते, हे खरंच आहे. पण ते एक-दोनदा होतं. माझ्याकडे दर तीन-चार दिवसांनी अर्धा लिटर जात होतं आणि गाडीखाली एक थेंब दिसत नव्हता. कूलंट जातंय पण दिसत नाही, याचा अर्थ ते कुठेतरी तापलेल्या लोखंडावर पडून वाफ होतंय किंवा इंजिनच्या आत जाऊन जळतंय. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

मग एका चढावर बॉनेटखालून वाफ आली. काटा तेव्हाही मधोमध. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि तासभर टोपणाला हात लावला नाही. (तापलेल्या रेडिएटरचं टोपण कधीही उघडू नका. दाब सुटला की आतलं पाणी क्षणात उकळून अंगावर येतं.) त्या तासात एकच विचार डोक्यात होता: इंजिन उकळतंय आणि काट्याला ते कळत नाही, हे कसं?

घरी आधी साध्या कारणांपासून सुरुवात केली. जुन्या गाड्यांत तापमानाच्या सेन्सरला एकच वायर असते आणि त्याचं अर्थिंग आट्यांमधून इंजिनला मिळतं. आट्यांवर टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळली तर अर्थिंग कमकुवत होतं आणि काटा कमी दाखवतो. मल्टिमीटर लावून पाहिलं, अर्थिंग ठीक होतं. दुसरं कारण म्हणजे कूलंट इतकं कमी झालेलं असतं की सेन्सरचं टोक उघडं पडतं. मग तो पाण्याचं नाही, हवेचं किंवा वाफेचं तापमान सांगतो, आणि इंजिन सगळ्यात धोक्यात असतानाच काटा खाली येतो. म्हणून पातळी भरून पुन्हा पाहिलं. थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) ज्या घरात बसतो, त्यावर काळी टेप चिकटवून इन्फ्रारेड थर्मामीटर धरला (चकचकीत धातूवर तो चुकीचं वाचतो, म्हणून टेप). आकडा शंभराच्या पुढे, काटा मध्याच्या खाली. सेन्सर काढून उकळत्या पाण्यात धरला. तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) उतरायला हवा, आणि तो व्यवस्थित उतरत होता. सेन्सर निर्दोष होता.

शेवटची चाचणी अगदी दोन मिनिटांची आहे आणि ती मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. चावी चालू करून सेन्सरची वायर काढायची, काटा पूर्ण थंडला पडला पाहिजे. तीच वायर क्षणभर इंजिनच्या उघड्या धातूला टेकवायची, काटा पूर्ण गरमला गेला पाहिजे. माझा काटा अर्ध्याच्या थोडा वर जाऊन थांबला. (ही चाचणी फक्त एका वायरच्या, थेट काट्याला जोडलेल्या सेन्सरवर करा. कॉम्प्युटरला जाणाऱ्या दोन वायरींच्या सेन्सरवर नको.) वायर बोटांनी चाचपत डॅशबोर्डपर्यंत गेलो. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) अलीकडे काळ्या टेपखाली गाठ लागली. टेप सोडली तर वायर मधेच कापून एक रेझिस्टर जोडलेला, व्यवस्थित सोल्डर केलेला. तापल्यावर सेन्सरचा रेझिस्टन्स कितीही उतरला तरी या तुकड्याचा रेझिस्टन्स शिल्लक राहणार, म्हणजे काटा मधल्या खुणेच्या फार वर कधी जाणारच नाही. चुकून असं काही जोडलं जात नाही. इंजिन तापतं हे माहीत असलेल्या माणसाने, मला ते कळू नये म्हणून बसून केलेलं काम होतं ते.

त्यानंतर कशावरही विश्वास उरला नाही. ऑइलचा दिवा तपासला. चावी चालू, इंजिन बंद ठेवून ऑइल प्रेशर स्विचची वायर काढली तर दिवा विझायला हवा. तो विझला नाही. त्याची वायर मागून बॅटरीच्या दिव्याला जोडलेली होती. चावी फिरवली की दोन्ही लागतात, इंजिन सुरू झालं की दोन्ही विझतात, बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. ऑइल संपलं असतं तरी तो दिवा लागला नसता.

मग दोन स्वतंत्र मेकॅनिकल गेज आणून बसवली. तापमानाचं गेज बारीक नळी आणि टोकाला बल्ब असलेलं असतं. ती नळी कापायची नाही, मुडपायची नाही, उरलेली लांबी मोठ्या वेटोळ्यात बांधून ठेवायची. बल्ब वाहत्या कूलंटमध्ये बुडेल अशा ठिकाणीच हवा, हवा साठते त्या कोपऱ्यात नको. ऑइलच्या स्विचजागी टी (तीन तोंडांचा जोड) लावून प्रेशर गेज घेतलं. दर हजार आरपीएमला साधारण 10 पीएसआय (दाबाचं एकक) हा जुना ढोबळ हिशोब आहे, पण आपल्या इंजिनचा आकडा मॅन्युअलमध्ये बघावा.

आता गळती. यासाठी हातपंपाचा प्रेशर टेस्टर लागतो, तो भाड्यानेही मिळतो. इंजिन पूर्ण थंड असताना टोपणाच्या जागी लावायचा आणि टोपणावर लिहिलेल्या दाबापर्यंतच पंप करायचा. माझ्या टोपणावर 1.1 होतं, म्हणजे 1.1 बार, सुमारे 16 पीएसआय. पंधरा मिनिटांत काटा 10 वर आला. टॉर्च घेऊन फिरलो तर हीटरच्या होजची क्लिप ओलसर. घट्ट केली, पुन्हा पंप केला, उतरायचा वेग कमी झाला पण थांबला नाही. वॉटर पंपाखालचं छोटं भोक कोरडं होतं. तिथून थेंब आले तर पंपाचं सील गेलेलं असतं. मग आरसा घालून ब्लॉकच्या (इंजिनच्या मुख्य धडाच्या) मागच्या बाजूला पाहिलं. तिथे ब्लॉकच्या भोकांत पत्र्याच्या वाट्या ठोकून बसवलेल्या असतात. त्यातली एक गंजून गेली होती, तिच्यावर एपॉक्सी थापून वर रंग मारला होता, आणि त्या रंगाच्या कडेने हिरवट ओघळ होता. इंजिन बाहेर होतं तेव्हा ती वाटी बदलणं अगदी सोपं काम होतं. आता तिच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागला.

ती बदलूनही दाब उतरतच होता, मात्र बाहेर कुठेच ओल नाही. सगळे स्पार्क प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ, बाकीचे नेहमीसारखे करडे-तपकिरी. दाब रात्रभर तसाच ठेवला आणि सकाळी प्लग न लावता स्टार्टर फिरवला तर तिसऱ्या भोकातून कूलंटचा फवारा उडाला. प्लगच्या भोकांवर वाकून हे करू नका, बाजूला उभे राहा. रेडिएटरच्या तोंडावर धरायचं निळं रसायनही पिवळं झालं, म्हणजे जळालेला वायू कूलंटमध्ये येत होता. हेड गास्केट, म्हणजे ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, गेलेलं होतं.

हेड उघडलं तेव्हा उरलेलं सगळं समोर आलं. थर्मोस्टॅट काढूनच टाकलेला, म्हणजे दाखवायच्या छोट्या फेरीत इंजिन थंड वाटावं. पाण्याच्या वाटांत तपकिरी गाळ, गळती बुजवायच्या पावडरचा, आणि त्यानेच हीटरच्या नळ्याही तुंबलेल्या. हेडवर स्ट्रेट एज ठेवली तर 0.15 मिमीची फिलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) सहज आत गेली, म्हणजे हेड वाकलं होतं. बऱ्याच इंजिनांना 0.05 ते 0.1 च्या पुढे चालत नाही.

मी तो रेझिस्टर आणि फोटो घेऊन इंजिन बसवणाऱ्या मेकॅनिककडे गेलो. तो म्हणाला, "गाडी तुम्ही तापवलीत, वायरिंग माझं नाही." माझ्याकडच्या पावतीवर फक्त 'इंजिन बदलले' एवढंच लिहिलं होतं. इंजिनचा नंबर नाही, कॉम्प्रेशनचे (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो त्याचे) आकडे नाहीत, किती दिवसांची हमी हेही नाही. एक पैसा परत मिळाला नाही. याचं दुःख पैशांपेक्षा वेगळं आहे. त्या गाडीत मी घरच्यांना घेऊन लांबवर गेलो होतो, त्या काट्याकडे बघत, निर्धास्त.

गळलेलं कूलंट मी ट्रेमध्ये धरून बंद डब्यात ठेवलं. एथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांना, लहान मुलांना थोड्या प्रमाणातही विषारी असतं. गळती शोधताना जमिनीवर सांडलं तर लगेच पुसून घ्या.

हेड प्लेन करून, नवीन गास्केट आणि थर्मोस्टॅट घालून काम दुसऱ्याकडून करून घेतलं. या वेळी पैसे द्यायच्या आधी पंप मी लावला आणि तोही शेजारी उभा राहिला. 16 पीएसआयला वीस मिनिटं काटा हलला नाही. मग सेन्सरची वायर काढून धातूला टेकवली, काटा पूर्ण गरमला गेला. ऑइलच्या स्विचची वायर काढली, दिवा विझला. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे आणि ब्लॉकवरचा नंबर त्याने स्वतःच्या हाताने पावतीवर लिहिले, खाली सही केली, आणि तेव्हा मी पैसे मोजले.