मेसियाँचं 'आमेन', दोन पियानो, आणि हेडफोन चांगलेच हवेत

स्टीव्हन ऑस्बोर्न आणि मार्टिन रॉस्को या पियानोवादक जोडीने वाजवलेलं फ्रेंच संगीतकार मेसियाँचं 'व्हिजन्स द लामेन' (आमेन म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनेतलं 'तथास्तु') सध्या सारखं ऐकतोय. ते काढणारी रेकॉर्ड कंपनी, हायपेरियनवाले, २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगच्या वाटेला जात नव्हते, घ्यायची तर सीडी नाहीतर डाउनलोड असा खाक्या, आता मात्र आरामात मिळतं.

आधीच सांगतो, लोकलमध्ये लावू नका. सुरुवात इतकी हळू आहे की ॲप अडकलंय की काय असं वाटतं, म्हणून आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि मग तोच पहिला भाग शेवटाकडे असा काही अंगावर येतो की बास! एक पियानो जड, संथ सुरावट रेटत राहतो, दुसरा त्याच्या वर-खाली घंटा बडवतो आणि सगळं न थांबता चढतच जातं. पण एवढ्या गदारोळातही दोन्ही पियानो सुटे ऐकू येतात, पैकीच्या पैकी मार्क यालाच.

आणि ते तसे ऐकू यायलाच हवेत, कारण मेसियाँने कामंच वाटून दिलीत. १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये हे पहिल्यांदा वाजलं तेव्हा पहिल्या पियानोवर त्याची विद्यार्थिनी इव्होन लोरिओ (पुढे बायको), दुसऱ्यावर तो स्वतः. लयीची कोडी, स्वरांचे झुबके, पळापळ सगळी तिच्याकडे, मुख्य सुरावट याच्याकडे. हुशार माणूस!

शिवाय ज्या शार्ङ्गदेवाच्या ('संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिणारा) १२० देशी तालांच्या यादीने मेसियाँला वेड लावलं तो देवगिरीच्या यादवांच्या दरबारातला, म्हणजे आपल्या दौलताबादचाच की. पण म्हणून लगेच सम शोधत बसू नका हां, मात्रा मध्येच लांबते आणि मांडीवर हात पडायच्या आत हे दोघं पुढे निघून गेलेले असतात.

सातपैकी चौथा भाग, 'इच्छेचं आमेन', माझा सगळ्यात आवडता. आधी हळुवार, मग एकदम पेटलेला, पुन्हा हळुवार, आणि तिथे दोघं अजिबात घाई करत नाहीत. फुकटवाल्या ॲपवर नेमकी त्यानंतर होमलोनची जाहिरात लागली, काय बोलणार. तिसरा भाग मला जडच गेला. पाचव्यात पक्ष्यांचा किलबिलाट स्वच्छ आहे, थोडा जास्तच स्वच्छ. तिथे कातिया आणि मारिएल लाबेक या बहिणींचं जुनं रेकॉर्डिंग लावा, मेसियाँच्या देखरेखीखाली केलेलं, त्यात जास्त आग आहे.