‘ऊन आहे वहिनी, पाणी उडतं’: शेतातल्या स्विमिंग पूलचा आमचा अनुभव

सोलापूरच्या आसपास शेतातली घरं वाढली, तसे त्यांच्यामागोमाग स्विमिंग पूल बांधून देणारेही वाढले. यातले बरेचजण काल-परवापर्यंत कंपाउंड वॉल, पाण्याच्या टाक्या, बाथरूमच्या टाइल्स अशी कामं करत होते. त्यात वावगं काही नाही, टाकी नीट बांधणारा माणूस पूलही नीट बांधेल. आमच्याकडे आला त्याला टाकीही येत नव्हती. त्याचं नाव देत नाही, कारण प्रकरण तडजोडीने मिटलंय. पण त्याने काम कसं केलं आणि पैसे कसे काढले ते सविस्तर सांगते, कारण थोड्याफार फरकाने हीच गोष्ट नंतर होटगी रोडच्या आणि अक्कलकोट रोडच्या लोकांकडूनही ऐकली.

आमचं शेत तुळजापूर रोडला. नवरा पुण्याला नोकरीला, त्यामुळे इथलं सगळं मी आणि सासरे बघतो. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. मुलांसाठी वीस फूट बाय दहा फूट, चार फूट खोल असा साधा पूल करायचं ठरलं. शहरात नळाला रोज पाणी नाही आणि हे पोहायला निघाले, हे नातेवाइकांचं बोलणं खाऊन झालं होतं. शेतातल्या बोअरला पाणी बरं होतं, म्हणून धाडस केलं.

कोटेशन एका पानाचं होतं. रक्कम आठ लाख चाळीस हजार, खाली ‘काम साइट कंडिशनप्रमाणे’ अशी एक ओळ. ही ओळ दिसली की समजा, पुढे जे जे राहील ते ते साइट कंडिशनमुळे राहील. हप्ते असे होते: सुरुवातीला चाळीस टक्के, काँक्रीट झालं की तीस, टाइल्सला हात लागला की पंचवीस, आणि ताबा देताना पाच. वाचताना रास्त वाटतं. पण नीट बघा, पूलमध्ये पाण्याचा थेंब पडायच्या आधी त्याच्या खिशात पंच्याण्णव टक्के गेलेले असतात. पाणी टिकलं काय, गळालं काय, त्याचा जीव अडकतो फक्त बेचाळीस हजारांत.

त्यातही त्याने पक्क्या बिलाचं टाळलं. ‘बिल घेतलं तर अठरा टक्के जीएसटी लागेल, उगाच कशाला,’ हे त्याचं म्हणणं. दोन लाख मेव्हण्याच्या खात्यावर टाकायला लावले. नवऱ्याने सगळी रक्कम बँकेतूनच पाठवली आणि प्रत्येक वेळी ‘पूलच्या कामाचा हप्ता’ असं शेऱ्यात लिहिलं. पुढे मेव्हण्याचा आणि आपला काही संबंध नाही असं तो म्हणाला, तेव्हा हेच शेरे कामाला आले.

आता मातीचं. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं की ते तिच्याबरोबर हलतं. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणायचं, नाहीतर काळी माती काढून मुरूम भरून दाबून घ्यायचा, मग सोलिंग म्हणजे दगडांचा थर, मग पीसीसी म्हणजे सळईशिवायचं साधं काँक्रीट. अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मुरूम लागल्याशिवाय थांबू नका. त्यावर उत्तर आलं, ‘अण्णा, वरून पाण्याचं वजन आहे की. हलतंय कुठं?’ आम्ही घरी जेवायला गेलो तेवढ्यात खाली पीसीसी पडलं होतं.

मग गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वरांची यात्रा आली आणि मजूर गेले. यात्रेत मजूर मिळत नाहीत हे खरंच आहे, पण यात्रा उठली तरी आमचे मजूर काही उठून आले नाहीत. ते दुसऱ्या साइटवर होते. आमच्या हप्त्यावर तिथलं काम आणि तिथल्या हप्त्यावर आणखी तिसरं, असा हा धंदा चालतो. परत आले ते घाईत, आणि घाईतच काँक्रीट झालं. काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर बंद पडला म्हणून सळईने खुपसत होते. काँक्रीट झाल्यावर तीन-चार दिवसांत टाइल्सवाला हजर, म्हणजे पंचवीस टक्क्यांचा हप्ता मागायला मोकळे.

टाइल्स लावायच्या आधी नुसत्या टाकीत पाणी भरून आठवडाभर ठेवतात आणि पातळी बघतात. पूलच्या सगळ्या कामात ही एक पायरी सर्वांत महत्त्वाची. गळती तेव्हा सापडली तर जागा डोळ्यांना दिसते, ओल येते, तेवढ्यापुरती दुरुस्त करता येते. टाइल्स लागल्या की तेच शोधायला टाइल्स फोडाव्या लागतात. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘वहिनी, वॉटरप्रूफिंगचं केमिकल इंपोर्टेड आहे, चाचणी कशाला? टँकरचा खर्च वाढेल तुमचाच.’ हे शेवटचं वाक्य फार हुशारीचं आहे. आपल्याच पैशांची काळजी करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

एप्रिलमध्ये पूल भरला. साधारण साडेबावीस हजार लिटर पाणी, थोडं बोअरचं, बाकी टँकरचं. पोरं नाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी टाइलच्या दोन पट्ट्या खाली. फोन केला तर म्हणे, ‘नवीन काँक्रीट पाणी पितं.’ आठवडा गेला, तरी काँक्रीटची तहान भागेना. मग, ‘सोलापूरचं ऊन आहे वहिनी, पाणी उडतं.’

ऊन आहेच, पारा चाळीसच्या वर होता. पण वाफेने किती जातं आणि गळून किती, हे घरी बसल्या कळतं, त्याला इंजिनिअर लागत नाही. पंप बंद करायचा. एक बादली घेऊन पूलच्याच पाण्याने भरायची आणि पूलच्या पायरीवर अशी ठेवायची की तिचा तळ पाण्यात आणि काठ वर राहील. बादलीच्या आत पाण्याच्या पातळीला मार्करने रेघ मारायची, बाहेर पूलच्या पातळीलाही रेघ. चोवीस तासांनी दोन्ही मोजायच्या. ऊन दोघांना सारखंच, वारा सारखाच, त्यामुळे वाफेने दोन्हींचं पाणी सारखंच उतरणार. पूलचं जास्त उतरलं तर तेवढी गळती. आमच्या बादलीत अर्धा इंच उतरलं होतं, पूलमध्ये अडीच. वीस बाय दहाच्या पूलमध्ये एक इंच म्हणजे साधारण चारशे सत्तर लिटर. म्हणजे रोजचं जवळजवळ हजार लिटर पाणी जमिनीत. मी दोन्ही रेघांचे फोटो टेप लावून काढले आणि त्याला व्हॉट्सॲपवर पाठवले. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

पातळी कुठे थांबते हेही बघत राहिले. पाणी बाजूच्या इनलेटच्या, म्हणजे पूलमध्ये पाणी सोडणाऱ्या पाइपच्या भोकांपर्यंत झपाट्याने उतरायचं आणि त्याखाली सावकाश. म्हणजे दोन ठिकाणं: पाइप भिंतीतून बाहेर जातो तिथे, आणि दुसरं कुठेतरी तळाशी.

मग तो आला. चेहऱ्यावर काळजी, हातात नवं कोटेशन. आमच्या बोअरच्या क्षारांनी टाइल्सचं ग्राउट, म्हणजे मधल्या फटींतला मसाला खाल्ला म्हणे, त्यामुळे भेगांत केमिकलचं इंजेक्शन करावं लागेल, एक लाख वीस हजार. बरेच लोक इथे पैसे देतात. आधीचे आठ लाख वाया जाऊ नयेत म्हणून आणखी एक लाख घालतात. इंजेक्शनने दोन महिने बरं वाटतं, मग पावसाळ्यात माती फुगते आणि नवीन भेग. आम्ही दिले नाहीत. तर आवाज चढला. ‘माझ्यामागं कोण आहे माहितीय का?’ माहीत नव्हतं, अजूनही माहीत नाही.

पोलिसांत अर्ज दिला. हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे, असं उत्तर मिळालं. बांधकामाच्या बहुतेक वादांत हेच मिळतं, म्हणून त्यावर महिने घालवू नका. अर्जाची पोच तेवढी ठेवा.

खरं बळ दोन गोष्टींनी दिलं. एक, अण्णांची वही. एसटीतल्या सवयीने ते रोज लिहायचे: आज सिमेंट किती पोती उतरली, सळई कोणत्या जाडीची, किती माणसं. दुसरी, इंजिनिअरिंग कॉलेजातून रिटायर झालेले सिव्हिलचे एक सर, ज्यांनी येऊन रीतसर अहवाल दिला. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, ‘ताई, काही फोडू नका. आधी त्याला पत्र टाका की अमुक तारखेला तपासणी आहे, हजर राहा.’ तो आला नाही. पण पत्र गेल्यामुळे ‘माझ्या पाठीमागे तपासलं’ म्हणायची सोय उरली नाही.

त्यांनी वही घेऊन हिशोब मांडला. आमच्या टाकीच्या तळ आणि भिंती मिळून साधारण सात घनमीटर काँक्रीट होतं. चांगल्या काँक्रीटला घनमीटरमागे सात-आठ पोती सिमेंट लागतं, म्हणजे पन्नासच्या आसपास. वहीत होती एकतीस, आणि त्यातूनच आतला गिलावाही झाला होता. कोटेशनमध्ये दहा एमएम सळईची दुहेरी जाळी लिहिलेली, अण्णांच्या फोटोत टेप लावून आठ एमएमची एकेरी. तळ आणि भिंत यांच्या सांध्यात पाणी अडवणारी वॉटरस्टॉपची पट्टी नव्हतीच, तळाची गळती तिथली. गळलेलं पाणी खालच्या काळ्या मातीत मुरत होतं, माती एका बाजूने फुगत होती आणि सांधा आणखी उघडत होता. त्यांनी सोबत आणलेल्या इलेक्ट्रिशियनने पाण्यातल्या दिव्याची वायर बघितली आणि मेन स्विचच पाडला. पाण्यातले दिवे ट्रान्सफॉर्मरवर बारा व्होल्टचे हवेत, इथे थेट घरची लाइन सोडली होती. पोरं त्यात पोहली होती. पैशांच्या भांडणात हे मागे पडलं असतं, आजही आठवलं की हातपाय गार पडतात.

वकिलांनी स्पीड पोस्टाने नोटीस दिली, उत्तर नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. लोकांना वाटतं कोर्ट म्हणजे फीमध्येच मेलो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फी मोजलेल्या रकमेवर ठरते: पाच लाखांपर्यंत काहीच नाही, पाच ते दहा लाखांना 200 रुपये. वकिलांची फी वेगळी, ती अर्थातच लागली. पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्ह्यातच चालतात, आणि तक्रारदार राहतो तिथेही दाखल करता येतात. मुदत मात्र दोन वर्षांची. हे कॉन्ट्रॅक्टर ‘बघू, करून देतो’ म्हणत ही दोन वर्षंच खात असतात. व्हॉट्सॲपच्या चॅटबरोबर वकिलांनी इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही जोडलं. चॅट डिलीट करू नका, फोन बदलला तरी जुना फोन ठेवा.

त्याच्या वकिलांनी काढलेला मुद्दा ऐकून मी थक्क झाले. हा पूल भाड्याने देण्यासाठी, म्हणजे व्यापारी कारणासाठी बांधला, सबब तक्रारदार ग्राहकच नाहीत. पुरावा काय, तर माझ्या भाच्याचा रील. पूलपाशी गॉगल लावून उभा, वर लिहिलेलं ‘फार्महाऊस भाड्याने मिळेल, मामाला भेटा’. गंमत म्हणून टाकलेलं. कायद्यात हा अपवाद खरोखर आहे, त्यामुळे मुद्दा अगदीच फालतू नव्हता. आम्ही घरगुती मीटरची बिलं, बँकेचे उतारे आणि शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं लावली. पण तुमचा विचार खरंच अधूनमधून भाड्याने द्यायचा असेल, तर कॉन्ट्रॅक्टरशी बोलण्याआधी वकिलांशी बोला. भाच्याने रील काढून टाकला, मामीशी तो अजून जरा लांबूनच बोलतो.

आयोगाने प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. तिथे पहिल्यांदा तो खुर्चीवर बसून नीट बोलला. सरांचा अहवाल, बादलीचे फोटो, अण्णांची वही समोर होती, आणि त्याच्या वकिलांनी त्याला बहुधा हेही समजावलं होतं की निकाल विरुद्ध गेला तर राज्य आयोगात अपिलासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. चार लाख पंच्याहत्तर हजारांवर ठरलं, तीन चेकमध्ये, आणि उरलेल्या बेचाळीस हजारांवरचा हक्क त्याने सोडला. कमी घेतले असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी सांगते, निकाल, अपील, मग वसुली या रांगेत उभं राहायची आमची तयारी नव्हती. ज्यांची आहे त्यांनी जरूर उभं राहावं. फक्त तडजोड आयोगाच्या आदेशात नोंदवून घ्या. बाहेर चहाच्या टपरीवर स्टॅम्प पेपरवर झालेली तडजोड त्याने पाळली नाही, तर वसुलीसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आयोगाचा आदेश मोडला तर तुरुंगाचीही तरतूद आहे.

दोन चेक वटले. तिसरा अपुऱ्या शिलकीमुळे परत आला. बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यायची असते आणि त्याला पंधरा दिवस मिळतात. वकिलांनी वेळ न घालवता नोटीस पाठवली. चौदाव्या दिवशी रात्री पैसे खात्यावर.

नवीन माणसाचं काम आता सुरू आहे. जुनं काढून मुरुमापासून वर. त्याच्या करारात चाळीस टक्के रक्कम पाण्याच्या चाचणीनंतर आहे, चाचणी टाइल्सच्या आधी, आणि सिमेंटच्या पोत्यांवर, सळईवर रोज दोघांची सही. तो कुरकुरला, पण तयार झाला. याच अटी ऐकून त्याच्याआधी विचारलेले दोघं परत आले नव्हते.

बुडालेलं सगळं मात्र आलं नाही. वाया गेलेल्या पाण्याचे पैसे मागितले होते, पण टँकरवाले पावती देत नाहीत, त्यामुळे ती रक्कम तडजोडीत धरलीच गेली नाही. आता टँकर आला की अण्णा आधी वही पुढे करतात, ड्रायव्हरची सही घेतात आणि मगच पाइप सोडू देतात.